आत्याच्या फोनवरचा ओटीपी

नवीन पनवेल
११ जून

दादा,

फोन करत नाही, पत्र लिहिते. फोनवर तू मध्येच बोलतोस आणि मग माझं डोकं फिरतं. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागतं. आणि तुमच्या आपटा गावाला रेंज तरी कुठे असते? नदीवर जाऊन, हात वर करून उभं राहायचं, तेव्हा कुठे समोरच्याचं हॅलो ऐकू येतं.

परवा तू ह्यांना बाजारात गाठलंस म्हणे. मला नाही भेटलास, माझ्या नवऱ्याला भेटलास. मनस्वीला तुमच्याकडे ठेवून घेता का, म्हणून विचारलंस. ह्यांचं काय जातं? हे कुणालाही हो म्हणतात, घर कुठे ह्यांना चालवायचंय! पण मी सगळं ऐकून घेतलं. वहिनीच्या पाठीच्या ऑपरेशनात पोरगी घरी बसली, हजेरी कमी भरली, कॉलेजातली तिसऱ्या वर्षाची सीट गेली. आता त्याच कॉलेजने ऑनलाइन बी.कॉम. काढलंय, घरबसल्या शिका म्हणे. घरात नेट नसेल तर घरी बसून काय शिकायचं, भाकऱ्या? तुमच्याकडे फोन एकच, तो तुझ्या हृतिकच्या टेम्पोबरोबर गावोगाव हिंडतो. आणि पोरगी यंदा पास झाली नाही तर तू गव्हाणच्या स्थळाला होकार देणार. तिला ते लग्न नकोय, तिला बँकेच्या परीक्षा द्यायच्यात. बरोबर आहे ना सगळं?

मग पाठव तिला. आमच्याकडे फायबरचं नेट आहे, चोवीस तास.

मी मनात ठेवणारी बाई नाही, पण एकदा लिहून टाकते, कारण तू विसरल्यासारखं दाखवतोस. हृतिकच्या हळदीत पहिली हळद लावायचा मान आत्याचा होता. लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण माझं नाव घेत होती. मी ताट घेऊन उठले आणि तुझ्या बायकोने स्वतःच्या बहिणीला पुढे केलं. तू समोर उभा होतास. मांडवातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या, आणि तू काय म्हणालास? "जाऊ दे गं गोदू, कोनीबी लावली तरी हळदच ना." मी तशीच उपाशी निघून आले. त्यानंतर तू माझ्या दारात पाय ठेवला नाहीस आणि मी तुझ्या.

पोरीचा त्यात काय दोष? पाठव. आणि मला गोदू लिहू नकोस. लग्नात ह्यांनी सुनीता नाव ठेवलं, आता पंचवीस-तीस वर्षं झाली, तुला अजून सवय होत नाही. आमच्या सोसायटीत कुणाला ते जुनं नाव माहीत नाही आणि माहीत व्हायचं कारणही नाही.

तुझी बहीण,
सुनीता


६ ऑगस्ट

दादा,

मनस्वी मजेत आहे. पोरगी कामाची आहे हो, वहिनीने वळण चांगलं लावलंय. गंगाबाईला मी महिन्याभरापूर्वीच सुट्टी दिली. घरात धडधाकट मुलगी असताना धुण्याभांड्याला बाई कशाला? निनादचं ऑफिसचं काम घरूनच चालतं, त्याला तासातासाला चहा लागतो, तोही तीच करते. निनाद तर म्हणतो, आई, हिला आपण कायमची ठेवून घेऊ. थट्टेत म्हणतो.

बोलणं मात्र अजून तसंच. आमी, तुमी, हाय, नाय! परवा माझ्या भिशीच्या बायकांसमोर म्हणाली, "आत्या, साखर नाय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता मी नियमच केलाय. 'नाही' असं नीट म्हटल्याशिवाय मी उत्तर देत नाही. तिच्याच भल्याचं आहे. उद्या बँकेत मुलाखतीला जाऊन नाय म्हणाली तर कोण घेणार तिला?

अभ्यासाचं विचारलंस. निनादचा जुना लॅपटॉप दिलाय. आणि कॉलेजने एक कटकट करून ठेवली आहे. त्यांच्या वर्गात शिरायचं तर दर वेळी फोनवर ओटीपी येतो. सहा आकडे. ते टाकले की दार उघडतं. मनस्वीचा स्वतःचा फोन नाही, तुमच्याकडच्या फोनला रेंज नाही, म्हणून ॲडमिशनच्या वेळी ह्यांनी माझा नंबर दिला. त्यामुळे पोरगी सकाळी ओल्या हातांनी माझ्या खोलीच्या दारात उभी. "आत्या, ओटीपी आला काय?"

मी म्हणते, "आला का, असं म्हण."

"आला का?"

"भांडी झाली?"

"दोन कढया राहिल्यात. तेवढा लेक्चर झाला का लगेच..."

"लेक्चर तो नाही, ते लेक्चर. आधी कढया."

कढया घासून येते तोवर तो ओटीपी मेलेला असतो. थोडाच वेळ जगतो तो, पाव मिनिट इकडेतिकडे चालत नाही त्याला. मग पुन्हा मागवायचा. एकदा तर ती सरांच्या वर्गात शिरली आणि सर म्हणाले, चला, भेटू उद्या! मला एवढं हसू आलं. पण शिस्त लागली. आता कढया आदल्या रात्रीच घासून ठेवते. तू लाडाने बिघडवली होतीस, दादा.

तिथल्या एक रुचिरा मॅडम आहेत, त्यांना या मुलांचा फार पुळका. सगळी लेक्चरं रेकॉर्ड करून ठेवतात. ज्यांचं नेट हळू आहे त्यांच्यासाठी नुसता आवाज वेगळा काढून देतात. रविवारी कॉलेजातली कॉम्प्युटरची खोली उघडून बसतात, ज्याच्याकडे काही नाही त्याने यावं. मनस्वी विचारत होती, जाऊ का. रविवारी आमच्याकडे माणसं येतात हे तिला मी सांगायला हवं का?

सुनीता


२९ सप्टेंबर

दादा,

हृतिकच्या हाती निरोप पाठवलास तो मिळाला. दारात उभा राहून माझ्यावर आवाज चढवत होता. "आत्या, तुमी टॅब का नाय घेऊ दिला?" ह्या पोराच्या हळदीत मी उपाशी निघून आले होते, आणि हा मला विचारतो!

काय झालं ते नीट ऐक, मग काय ते बोल.

रुचिरा मॅडमचा फोन आला. कॉलेज काही मुलांना सिम घातलेले टॅब देणार, म्हणजे ज्यांच्या घरी साधन नाही त्यांना. नावं पक्की करायच्या आधी त्या घरी फोन करून खात्री करतात. मला विचारलं, तुमच्याकडे इंटरनेट आहे? मी म्हटलं, अहो, आमच्याकडे फायबर आहे, दोन टीव्ही आहेत, मुलगा आयटीत आहे, एक लॅपटॉप नुसता पडून होता तो मी भाचीला दिलाय. खोटं बोलले का मी? एकही शब्द खोटा नाही.

तर ती बाई म्हणते, "घरात आहे ते कळलं हो मला. मनस्वीच्या हातात किती वेळ असतं?"

हे बघ, मी सरळ सांगितलं, आमच्या घरात कोणाच्या हातात काय असतं ते बाहेरच्यांनी विचारायची पद्धत नाही. आणि तो टॅब गरिबांना द्या. माझ्या भाचीला भिकेची वस्तू नको. दादा, त्या टॅबवर मागे मोठा स्टिकर असतो, अमक्या योजनेतून मदत म्हणून. तो घेऊन ही आमच्या बाल्कनीत बसली असती, समोर विनिताबाई राहतात, त्यांचे डोळे घारीचे. काय तोंड दाखवलं असतं मी? आपट्याला तुम्हाला चालत असेल. इथे नाही चालत.

टॅब दुसऱ्या कुठल्याशा मुलाला गेला. मनस्वी दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, नको जेवूस, डब्यात तेवढेच तांदूळ उरतील.

सौ. सुनीता


१८ नोव्हेंबर

श्री. काशिराम यांस,

मनस्वी तुमच्याकडे पोचली असेलच. काल सकाळी पिशवी उचलून निघाली, मी अडवलं नाही.

भाऊबीजेला मी ताट तयार ठेवलं होतं. माझ्या मनात आलं होतं की पोरगी आपल्या घरात आहे, निदान तिला भेटायला तरी येईल, आला की ओवाळून टाकू, होऊन जाऊ दे. करंज्या केल्या होत्या, ओल्या नारळाच्या, तुला आवडतात तशा. दुपारी वॉचमनने इंटरकॉम केला. "मॅडम, आपट्याहून एक काका आले होते, तांदळाचं पोतं ठेवून गेले." ठेवून गेले! गेटपर्यंत आलास, दादा. चार जिने वर तुझी बहीण निरांजन लावून बसली होती आणि तू वॉचमनकडे तांदूळ देऊन परत फिरलास. मनस्वी खाली धावली तोवर तुझी एसटी गेली होती. वॉचमन मला विचारतो, ते तुमचे गाववाले का? मी म्हटलं हो, गाववाले.

दुसऱ्या दिवशी पोरीची कॉलेजची परीक्षा होती, अर्धे मार्क त्यावर. मला ठाऊक होतं. माझं डोकं ठणकत होतं, मी फोन बंद करून आतून कडी लावून पडले. ती दारावर थापा मारत होती. "आत्या, फोन चालू करा. फक्त आकडे सांगा, मी परत तुमाला काय मागनार नाय." ह्यांनीही दोनदा हाक मारली, मग पेपर वाचत बसले. पेपरची वेळ संपली तशा थापा थांबल्या.

जाताना मला काय म्हणाली ते ऐकून ठेव. माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आत्या, तुमी माजा ओटीपी नाय अडवला. बाबाचा अडवला."

तुमी आणि नाय, सगळं परत आलं. एवढे महिने शिकवलं ते पालथ्या घड्यावर पाणी. गंगाबाई आता जास्त पगार मागते आहे.

सौ. सुनीता


२० मार्च

श्री. काशिराम यांस,

तुमचं पत्र मिळालं. अक्षर तुझंच आहे, अजून तसंच वाकडं. "गोदू, पोरीचा जीव घेऊ नको," असं लिहिलंस. जीव कोण घेतंय?

तुमच्या रुचिरा मॅडमने काय काय केलं ते सगळं मला कळतं. बुडलेल्या परीक्षेची दुसरी संधी मिळवून दिली, तीही कागदावर लिहायची. लेक्चरं मेमरी कार्डात भरून हृतिकच्या हाती धाडली, पोरीने ती टेम्पोत बसून, त्याच्या फोनवर, गाडी रिकामी असेल तेव्हा ऐकली. छान. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ तिच्यात आमच्याच घराण्याचा आहे. मला उलट कौतुक वाटलं.

आता शेवटची परीक्षा १७ एप्रिलला, कॉलेजच्याच कॉम्प्युटरवर. मॅडम म्हणे ज्यांच्याकडे काही नाही त्या सगळ्यांना तिथे बसवणार, सोबत दुपारचा डबाही देणार. सगळं केलं बिचारीने. एकच राहिलं. आत शिरायला ओटीपी लागतो आणि नंबर माझा आहे.

नंबर बदलायचाही प्रयत्न केलात तुम्ही, हो ना? मी जेवत होते. फोन वाजला, नंबर बदलण्यासाठी हा ओटीपी टाका, असा मेसेज. त्यांच्या कारभाराची पण कमाल आहे, नवा नंबर घ्यायचा तरी परवानगी जुन्या नंबरला विचारतात! पाठोपाठ मॅडमचा फोन. "सुनीताताई, प्लीज, तेवढे आकडे सांगता?" मी म्हटलं, अहो मॅडम, तुम्ही शिकलेल्या ना? बँकवाले रोज बोंबलून सांगतात, ओटीपी कुणालाही देऊ नका. तिने वरच्या ऑफिसला अर्ज केलाय म्हणे. ते म्हणतात, सिस्टीममध्ये तशी सोय नाही.

म्हणजे आता माझ्याशिवाय चालत नाही. त्या हळदीपासून तीन वर्षं चाललं, आता चालत नाही.

तर ऐक. १७ च्या आधी तू ये. वहिनीला घेऊन ये. वहिनीने मला कुंकू लावायचं, साडी-नारळाने ओटी भरायची, आणि तुम्ही दोघांनी म्हणायचं की हळदीत आत्याचा मान चुकला. माझ्या घरात येऊन म्हणायचं, फोनवर नाही, गेटवर नाही, वॉचमनकडे निरोप ठेवून नाही. चहा मी करीन. आणि मनस्वीला ओटीपी मिळेल, मी स्वतः फोन हातात धरून बसेन.

अडला हरी काय करतो ते तुला माहीत आहेच.

सौ. सुनीता


१७ एप्रिल, संध्याकाळ

दादा,

काल तू आलास. एकटाच आलास. "तिची पाठ, जिने चढाला होत नाय गं, रिक्षातच बसली हाय खाली," म्हणालास. मी बाल्कनीतून पाहिलं, खरंच बसली होती, मान खाली घालून. साडी चांगली होती, रंग माझ्या आवडीचा. नारळही आणलास. आणि मग तू दारातच वाकलास आणि माझ्या पायांवर डोकं ठेवलंस. थोरला भाऊ, पांढरे केस, धाकट्या बहिणीच्या पाया पडला. विनिताबाईंनी दार किलकिलं करून सगळं पाहिलं. मला वाटलं होतं, असं काही झालं की माझ्या पोटात थंड पडेल. नाही पडलं.

मी तुला आत घेतलं. पाणी दिलं, चहा दिला. तू म्हणालास, "चुकला माजा. तुजा मान होता, मी नाय राखला." जे म्हणायचं ते सगळं म्हणालास. मी म्हटलं, ठीक आहे, उद्या ओटीपी देते. तू हात जोडलेस आणि उठलास. मनस्वी किती अभ्यास करते ते सांगितलंस, गव्हाणवाले परवा उत्तर मागतायत ते सांगितलंस, मॅडमचे उपकार सांगितलेस. दाराशी चपला घालतानाही, पोरीच्या सेंटरला किती वाजता पोचायचं, तेच. एवढा वेळ बसलास, दादा, पण एकदा तरी विचारलंस का, गोदू, तू कशी आहेस? मागल्या वर्षी माझं गर्भाशय काढलं, कोणीही माहेरचं नव्हतं उशाशी. तुला ठाऊक होतं, ह्यांनी तुला कळवलं होतं. काल मी तुझ्यासमोर बसले होते आणि तू माझ्याकडे पाहत नव्हतास, माझ्या टीपॉयवरच्या फोनकडे पाहत होतास.

रात्रभर मी त्याचाच विचार केला. तरी सकाळपर्यंत माझ्या मनात द्यायचंच होतं. देवाशपथ.

हे ऑफिसात, निनाद पुण्याला. मी सोफ्यावर फोन मांडीत घेऊन बसले. पहिला ओटीपी आला. वाचला. लगेच मॅडमचा फोन. तो वाजू दिला. त्यांनी पुन्हा केला, पुन्हा वाजू दिला. तो ओटीपी गेला. दुसरा आला. मग मॅडमच्या नंबरवरून मेसेज आला, "आत्या, मी मनस्वी. सगळे लिहायला लागलेत. मी एकटीच राहिले. प्लीज आत्या." सगळं शुद्ध लिहिलं होतं. एकही नाय नाही, एकही तुमी नाही. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. रडू आलं मला, खोटं कशाला बोलू. पण बोट हलेना. मला वाटलं, आत्ता हे आकडे सांगितले की संपलं. उद्यापासून मला आपट्याहून कोण फोन करणार? कोण जिने चढून येणार?

तिसरा आला. तिसऱ्यानंतर कुलूप लागतं, असं त्यातच लिहिलेलं असतं. फोन वाजत राहिला, मग तूही करायला लागलास, नदीवर जाऊन करत होतास वाटतं, मागे पाण्याचा आवाज होता. हो, तुझा उचलला मी. तू ओरडत होतास, "गोदू, सांग गं, गोदू, ऐकतेस ना?" मी ऐकत होते. किती दिवसांनी एवढ्या हाका मारल्यास तू मला. मग रेंज गेली.

दुपारी मॅडमचा एकच मेसेज आला. परीक्षा झाली, मनस्वीची गैरहजेरी लागली, यंदा आता काही करता येणार नाही. गव्हाणवाल्यांना तू हो म्हणशील, हे मला माहीत आहे. पोरगी माझं तोंड बघणार नाही, हेही माहीत आहे.

पण मी शब्द दिला होता. ओटीपी देईन म्हणाले होते, आणि मी शब्दाला जागणारी बाई आहे. तिसरा ओटीपी मी पुसला नाही. खाली लिहिते आहे. पत्र आत्ताच पेटीत टाकते, आपट्याला चार-पाच दिवसांत पोचेल.

८ ० ४ १ ९ ३

मनस्वीला म्हणावं, आरामात टाक, भांडी मी घासते.

तुझी,
गोदू